शुगर, डोळ्याचा पडदा आणि अँटीऑक्सिडंटच्या कॅप्सूल

जास्वंद (धागाकर्ती)

परवा आहाराच्या धाग्यावर कोणीतरी विचारलं होतं की डायबेटिस असेल तर डोळ्यांसाठी अँटीऑक्सिडंटच्या कॅप्सूल घ्याव्यात का, आणि तिथे चर्चा भलतीकडेच गेली म्हणून हा वेगळा धागा काढतेय. मी फार्मसी कॉलेजात बायोकेमिस्ट्री शिकवते, डोळ्यांची डॉक्टर नाही, त्यामुळे उपचारांचं काय ते आपापल्या डॉक्टरांशी बोलूनच ठरवा. पण ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणजे पेशीत नेमकं काय होतं आणि त्याचा डोळ्याशी काय संबंध, हे मला जमेल तेवढं सोपं करून सांगते. लांबणार आहे, सवडीने वाचा.

आधी पडदा. डोळ्याच्या आत मागच्या बाजूला असतो तो रेटिना, जेमतेम पाव मिलिमीटर जाडीचा, पण वजनाच्या मानाने शरीरातल्या सगळ्यात जास्त ऑक्सिजन खाणाऱ्या भागांपैकी एक. आणि उजेडापेक्षा अंधारात तो जास्त ऑक्सिजन खातो, कारण अंधुक उजेडात बघायच्या ज्या रॉड पेशी असतात त्यांच्यात अंधारात सोडियम सारखा आत शिरत असतो आणि तो बाहेर फेकायला पेशीला रात्रभर पंप चालू ठेवावे लागतात. (हे लक्षात ठेवा, पुढे लेसरचा विषय निघाला तर कामी येईल.) त्यात पडद्यामध्ये डीएचए नावाचं ओमेगा-३ फॅट खच्चून भरलेलं असतं, ते ऑक्सिडाइज व्हायला एकदम सोपं, आणि दिवसभर वरून प्रकाश पडत असतो तो वेगळाच. म्हणजे शुगर नसलेल्या माणसातसुद्धा हा भाग तसा नाजूकच.

आता शुगर आली. स्नायूंच्या आणि चरबीच्या पेशी इन्सुलिनच्या मदतीने ग्लुकोज आत घेतात, पण पडद्यातल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या अस्तराच्या पेशींना इन्सुलिन लागत नाही, रक्तात जेवढं वाढेल तेवढं ग्लुकोज त्यांच्या आत शिरतं, आणि तो शिरकाव कमी करणं त्यांना फारसं जमत नाही. शुगर ३०० असेल तर ती ३०० त्या पेशीला भोगावीच लागते. मग मायटोकॉन्ड्रिया, जिथे ग्लुकोजपासून ऊर्जा बनते, तिथे इतका माल येतो की इलेक्ट्रॉन वाटेतच गळतात आणि ऑक्सिजनला चिकटून सुपरऑक्साइड नावाचा अतिशय तापट रेणू तयार होतो. शरीराकडे त्याला निस्तरायची यंत्रणा असते, पण तयार होण्याचा वेग निस्तरण्याच्या वेगाच्या पुढे गेला की त्यालाच ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणायचं.

मायकल ब्राउनली या अमेरिकन शास्त्रज्ञांनी २००१ साली नेचरमध्ये एक लेख लिहिला, आमच्या विषयात तो अजून शिकवला जातो. त्याआधी शुगरमुळे नुकसान होण्याचे चार वेगवेगळे रासायनिक मार्ग माहीत होते आणि प्रत्येकावर वेगळी औषधं शोधणं चाललं होतं. ब्राउनलींनी मांडलं की हे चारही मार्ग एकाच ठिकाणाहून सुरू होतात, ते म्हणजे मायटोकॉन्ड्रियातलं जास्तीचं सुपरऑक्साइड. त्यामुळे ग्लुकोज जाळायच्या साखळीतलं एक एन्झाइम मंदावतं आणि त्याच्या मागे तुंबलेला सगळा माल या चार आडवाटांना लागतो. त्यातली एकच वाट सांगते. ग्लुकोजचं सॉर्बिटॉल होतं, ते करताना पेशी एनएडीपीएच नावाचा पदार्थ खर्च करते, आणि नेमका तोच पदार्थ ग्लुटाथायोन ताजं ठेवायला लागतो, म्हणजे आपलं स्वतःचं, घरचं अँटीऑक्सिडंट. एकीकडे आग वाढते आणि दुसरीकडे विझवायचं पाणीही कमी होतं.

याचा डोळ्यात दिसणारा परिणाम म्हणजे केशवाहिन्यांना बाहेरून आधार देणाऱ्या पेरिसाइट पेशी आधी मरतात. आधार गेला की भिंतीला बारीक फुगे येतात, त्यातून पाणी, प्रोटीन, चरबी झिरपते, पुढे काही वाहिन्या बंदच पडतात. मग उपाशी राहिलेला पडदा व्हीईजीएफ नावाचा संदेश सोडतो की नव्या वाहिन्या पाठवा, आणि त्या येतात पण इतक्या कच्च्या की जरा ताण आला की फुटून डोळ्यात रक्त. ही झाली डायबेटिक रेटिनोपथी.

आता कॅप्सूल. एवढं सगळं ऑक्सिडेशनमुळे होतंय तर अँटीऑक्सिडंट खाल्लं की थांबेल असं कोणालाही वाटेल, आणि ते तपासूनही बघितलंय. मायक्रो-होप अभ्यासात डायबेटिस असलेल्यांना रोज ४०० युनिट व्हिटॅमिन ई साडेचार वर्षं दिलं, बारीक रक्तवाहिन्यांच्या त्रासात फरक नाही. रेटिपॉन अभ्यासात अल्फा लिपोइक ॲसिड रोज ६०० मिलिग्रॅम दोन वर्षं दिलं, पडद्यावर सूज येण्यात फरक नाही. कारण असं मानतात की व्हिटॅमिनचा एक रेणू साधारण एखाद्या तापट रेणूला शांत करतो आणि स्वतः खर्च होतो, शुगर मात्र ते सेकंदा-सेकंदाला नवे तयार करतेय, तेही मायटोकॉन्ड्रियाच्या आत, जिथे गोळीतलं औषध पुरेसं पोचतच नाही. उगम बंद केल्याशिवाय हे आवरत नाही आणि उगम आहे रक्तातली शुगर. मला हे मनापासून सांगावंसं वाटतं कारण लोक महिन्याला हजार-बाराशे रुपये कॅप्सूलवर घालवतात आणि पडद्याची तपासणी मात्र पुढच्या वर्षावर ढकलतात.

---

गोदाकाठ

उत्तम धागा, वाचनखूण साठवली आहे.

जास्वंदताई, माझी शुगर बारा-तेरा वर्षांची आहे, तीन महिन्यांची सरासरी (एचबीए१सी) साडेसात ते आठच्या मध्ये असते. चष्म्याच्या दुकानात दरवर्षी कॉम्प्युटरवर डोळे तपासतो, नंबर बदललेला नाही, पेपर स्वच्छ वाचता येतो, रात्री गाडी चालवतो. याचा अर्थ माझा पडदा ठीक आहे असा घ्यायचा का? आणि ओळखीच्या एकांनी ल्युटिनच्या गोळ्या सुरू करायला सांगितल्यात, त्या अँटीऑक्सिडंटमध्येच येतात ना?

---

ऑप्टो_करवीर

गोदाकाठ काका, मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, रोज हेच काम करतो, म्हणून मध्ये बोलतो. नाही, असा अर्थ घेऊ नका. कॉम्प्युटरवर जो निघतो तो चष्म्याचा नंबर, त्यात पडद्याचं काहीच कळत नाही. पडदा बघायचा तर बाहुली मोठी करायचे थेंब टाकून आत बघावं लागतं किंवा फंडस कॅमेऱ्याने फोटो काढावा लागतो.

दिसण्याबद्दल सांगायचं तर पडद्याचा अगदी मधला जो भाग, मॅक्युला, तो काही मिलिमीटरचाच असतो आणि वाचन, चेहरे ओळखणं, सुईत दोरा ओवणं सगळं त्याच्यावर चालतं. बिघाड त्याच्या बाहेर असेल तर माणसाला काहीही जाणवत नाही, दुखत नाही, लाल होत नाही, पाणी येत नाही. तक्त्यावरची शेवटची ओळ घडाघडा वाचणाऱ्या माणसाच्या फोटोत मी असं काही बघितलंय की त्याच दिवशी रेटिनावाल्या डॉक्टरांकडे पाठवावं लागलं.

फोटोत काय दिसतं ते सांगतो म्हणजे कल्पना येईल. नॉर्मल पडदा केशरी-लालसर दिसतो, नाकाच्या बाजूला फिकट पिवळी गोल चकती म्हणजे नस, तिथून मोठ्या वाहिन्या कमान करून वर-खाली जातात आणि मध्ये जरा गडद दिसतो तो मॅक्युला. सुरुवातीला त्यात लाल टिंबं दिसतात, इतकी बारीक की फोटो मोठा केल्याशिवाय कळत नाहीत, ते जास्वंदताईंनी सांगितलेले फुगे. मग जरा पसरट रक्ताचे ठिपके. मग पिवळे, मेणचट, कडा स्पष्ट असलेले डाग, ती झिरपून साचलेली चरबी, आणि हे डाग मॅक्युलाभोवती गोल करून बसायला लागले की आम्ही लगेच ओसीटी, म्हणजे पडद्याचे थर आणि जाडी दाखवणारा स्कॅन, करायला सांगतो. कुठे कुठे धुरकट पांढरे डाग येतात, तिथला रक्तपुरवठा तुटलाय. आणि सगळ्यात शेवटी नसेवर किंवा वाहिन्यांच्या बाजूला बारीक गुंतलेल्या लाल वाहिन्यांचं जाळं, ते दिसलं की वाट बघायची नाही.

एक आकडा देतो. स्मार्ट इंडिया म्हणून मोठा सर्व्हे झाला, २०२२ ला प्रसिद्ध झाला, चाळिशीच्या वरच्या डायबेटिसवाल्यांमध्ये १२.५ टक्क्यांना रेटिनोपथी आणि ४ टक्क्यांना दृष्टीला धोका असलेल्या पायरीवरची. चार टक्के थोडे वाटतील, पण आयसीएमआरच्या अभ्यासाप्रमाणे देशात डायबेटिसवाले दहा कोटींच्या वर आहेत, आता तुम्हीच हिशोब करा.

टाइप २ ला (मोठ्यांमध्ये नेहमी दिसणारा डायबेटिस) निदान झालं त्याच वर्षी पहिली तपासणी, कारण शुगर कळायच्या आधी किती वर्षं होती हे कोणालाच माहीत नसतं. मग दरवर्षी. काही निघालं तर डॉक्टर सांगतील तसं लवकर.

---

जास्वंद

ऑप्टोदादा, फार छान सांगितलंत.

गोदाकाठ, ल्युटिनबद्दल. ल्युटिन-झियाझँथिनच्या गोळ्यांचं जे नाव झालं ते एआरईडीएस-२ या २०१३ च्या अमेरिकन अभ्यासावरून, आणि तो अभ्यास म्हातारपणी होणाऱ्या मॅक्युलाच्या झिजेवर होता, डायबेटिसच्या रेटिनोपथीवर नव्हता. दोन्ही पडद्याचेच आजार म्हणून दुकानात एकाच फळीवर येतात. त्याच्या आधीच्या फॉर्म्युल्यात बीटा कॅरोटीन होतं, ते सिगारेट ओढणाऱ्यांमध्ये फुफ्फुसाच्या कॅन्सरचा धोका वाढवतं म्हणून काढलं. तेव्हा जुन्या पद्धतीची डबी घरात असेल तर मागचं लेबल वाचा, ‘व्हिटॅमिनच तर आहे’ म्हणून सोडून देऊ नका.

अजून एक, व्हिटॅमिन सी चे मोठे डोस घेत असाल तर काही ग्लुकोमीटर आणि दंडावर लावायचे काही सेन्सर शुगर खोटी जास्त दाखवतात. तेवढ्यावरून कोणी इन्सुलिन वाढवलं तर शुगर खाली कोसळेल. मशीनच्या माहितीपत्रकात हे लिहिलेलं असतं.

---

तिरफळ

माझ्या आईचा अनुभव लिहिते, कोणाला उपयोग झाला तर. आई रत्नागिरीजवळ गावात राहते, शुगर जुनी. वर्तमानपत्राच्या ओळी मध्येच वाकड्या दिसायला लागल्या म्हणाली तेव्हा चष्मा बदलून घेतला, फरक नाही, मग पडद्याच्या डॉक्टरांकडे नेलं तर मॅक्युलावर सूज. ओसीटीचा कागद दाखवला त्यांनी, मध्ये जिथे खळगा असायला पाहिजे तिथे उंचवटा आणि आत काळे काळे पोकळ भाग, ते साचलेलं पाणी. जाडी अडीचशे-पावणेतीनशे मायक्रॉन असायला हवी, हिची चारशेच्या वर.

मग डोळ्यात इंजेक्शनं. ऐकूनच आईने हातपाय गाळले, दोन दिवस जेवली नाही नीट. प्रत्यक्षात आधी बधिर करायचे थेंब टाकतात, मग आयोडीनचं औषध घालतात, तेच काय ते चुरचुरतं, पापण्या उघड्या राहाव्या म्हणून क्लिप लावतात आणि बुबुळाच्या कडेपासून तीन-चार मिलिमीटर लांब, पांढऱ्या भागातून सुई जाते. काही सेकंद. आई म्हणाली, ‘‘अगो, ह्याच्यासाठी मी एवढी घाबरलंय काय?’’ संध्याकाळी तिला काळा गोल फुगा डोळ्यात खाली हलताना दिसत होता, तो हवेचा बुडबुडा असतो, दुसऱ्या दिवशी गेला. पण त्यांनी हेही बजावलं होतं की नंतरच्या काही दिवसांत दुखायला लागलं, डोळा लाल झाला किंवा दिसणं कमी झालं तर फोन करत बसू नका, सरळ या.

खरा त्रास येण्या-जाण्याचा आहे. सुरुवातीला महिन्या-महिन्याने बोलावतात, गावाहून निघून शहरात जायचं, सोबत एक माणूस, परत येताना डोळ्यावर पट्टी, आणि शेतीची कामं असतील तेव्हा सोबतचं माणूस आणायचं कुठून. मधली एक तारीख चुकली तर सूज परत वाढली. माझी इथल्या सगळ्यांना कळकळीची विनंती आहे की घरात असं कोणी असेल तर त्या तारखा घरातल्या सगळ्यांच्या मोबाइलमध्ये टाकून ठेवा.

दुसऱ्या डोळ्याला लेसर केलं. तेव्हापासून तिला तिन्हीसांजेला अंगणात चाचपडायला होतं. जास्वंद, मला हे कळत नाही की पडदा आधीच खराब, त्यावर अजून भाजून फायदा कसा होतो?

---

जास्वंद

तिरफळ, तुमच्या आईंच्या धीराला नमस्कार.

लेसरचं उत्तर मगाशी अंधाराबद्दल लिहिलं त्यात आहे. मोठ्या पसरट लेसरमध्ये मॅक्युला सोडून बाजूच्या पडद्यावर हजार-दीड हजार बारीक डाग देतात. त्या डागांच्या जागच्या रॉड पेशी मरतात, आणि ऑक्सिजन सगळ्यात जास्त खाणारे तेच. ते कमी झाले की मागच्या थरातून येणारा ऑक्सिजन पुढे पडद्याच्या आतल्या थरापर्यंत पोचतो, उपाशीपणा कमी होतो, व्हीईजीएफचा संदेश थांबतो आणि नव्या कच्च्या वाहिन्या सुकतात. म्हणजे मधली नजर वाचवायला कडेची थोडी दिली. रॉड गेल्यामुळे अंधुक उजेडातलं आणि कडेचं दिसणं थोडं कमी होतं, आईंना तिन्हीसांजेला होतंय ते त्यामुळेच असणार, तरी पुढच्या वेळी डॉक्टरांच्या कानावर घाला. अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासाने १९७६ मध्ये दाखवलं की अशा लेसरने नजर गंभीरपणे जाण्याचं प्रमाण निम्म्याहून खाली येतं. अंगणात आणि न्हाणीघराच्या वाटेवर जरा मोठा दिवा लावून द्या त्यांना.

---

उंबरठा

धागा चांगला आहे पण एका बाबतीत असहमती नोंदवतो. उंदरांवर भरपूर प्रयोग झालेत ज्यात अँटीऑक्सिडंट दिल्यावर रेटिनोपथी रोखली गेली. हळदीवर, ग्रीन टीवर, व्हिटॅमिनवर, सगळ्यांवर पेपर आहेत. मी स्वतः वाचलेत. एक-दोन औषधं माणसात चालली नाहीत म्हणून सगळा विचारच बाद करणं मला घाईचं वाटतं. आपल्याकडे आवळा, हळद पिढ्यानपिढ्या वापरात आहे, त्याला काहीच अर्थ नाही का?

---

जास्वंद

उंबरठा, तुमचा मुद्दा रास्त आहे आणि उंदरांचे प्रयोग खरेच आहेत. डेट्रॉइटच्या वेन स्टेट विद्यापीठात रेणू कौलुरू यांनी यावर वर्षानुवर्षं काम केलंय, ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस आणि रेटिना म्हटलं की त्यांचं नाव येतंच. पण अशा बऱ्याच प्रयोगांत उंदराला डायबेटिस झाल्या-झाल्या अँटीऑक्सिडंट सुरू करतात. माणूस गोळीकडे वळतो तो शुगर होऊन दहा वर्षं झाल्यावर, आणि उशीर झाला की काय होतं हे सांगणारा एक जुना प्रयोग आहे. १९८७ साली एंगरमन आणि कर्न यांनी कुत्र्यांची शुगर अडीच वर्षं वाढलेली ठेवली, त्यावेळी पडदे जवळजवळ स्वच्छ होते, मग पुढची अडीच वर्षं शुगर उत्तम सांभाळली. तरीही त्या चांगल्या काळात रेटिनोपथी झालीच.

माणसातही तेच दिसलं. अमेरिका-कॅनडातल्या डीसीसीटी अभ्यासात टाइप १ च्या (ज्यात शरीर इन्सुलिन जवळजवळ बनवतच नाही) १,४४१ लोकांना १९८३ ते १९९३ दोन गटांत बघितलं, एका गटाची सरासरी सातच्या आसपास, दुसऱ्याची नऊ. कडक गटात नव्याने रेटिनोपथी होण्याचं प्रमाण ७६ टक्क्यांनी कमी. १९९३ नंतर दोन्ही गटांची शुगर जवळजवळ सारखी झाली, आठच्या आसपास, पण पहिल्या गटाचे डोळे पुढे कित्येक वर्षं दुसऱ्यांपेक्षा चांगले राहिले. याला मेटाबॉलिक मेमरी म्हणतात. बिघडलेले मायटोकॉन्ड्रिया, शुगर चिकटून कडक झालेली प्रोटीन्स आणि जनुकांवर बसलेल्या रासायनिक खुणा, अशी त्याची कारणं मानली जातात, आणि ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस या तिन्हींच्या मुळाशी असल्याचं मानतात.

तेव्हा विचार बाद नाहीये, संशोधन चालूच आहे. आवळा खा, हळद भाजीत घाला, पालेभाज्या तर हव्यातच. माझं भांडण डबीवरच्या दाव्याशी आहे, जो वाचून माणूस तपासणी टाळतो.

---

शेवंती

मेटाबॉलिक मेमरीबद्दल वाचून पोटात गोळा आला. माझी मुलगी नऊ वर्षांची आहे, टाइप १, सहाव्या वर्षी निदान झालं तेव्हा शुगर मशीनवर ‘हाय’ दाखवत होती, किती दिवस तशी होती देव जाणे. शाळेत कधी वाढते कधी एकदम खाली जाते, सरासरी आठच्या खाली यायला मागत नाही. तिच्या डोळ्यांवर आत्ताच काही कोरलं गेलं असेल का?

---

कावेरी_बर्मिंगहॅम

शेवंती, माझा मुलगा टाइप १ आहे, आता कॉलेजात आहे. निदानाच्या आधीचे काही आठवडे हे त्या अभ्यासांच्या हिशोबात काहीच नाहीत गं, तिथे गोष्ट वर्षांची आहे. कुत्र्यांचीसुद्धा अडीच वर्षं होती. तू जे रात्री उठून बोट टोचतेस ना तेच तिच्या डोळ्यांसाठी चाललंय.

इथे इंग्लंडमध्ये वयाची बारा वर्षं पूर्ण झाली की डायबेटिस असलेल्या प्रत्येकाला डोळ्याच्या फोटोसाठी घरी पत्र येतं, माझ्या मुलालाही आलं होतं. २००३ पासून ही योजना सुरू झाली. आधी दरवर्षी होतं, आता ज्यांचे पडदे सलग स्वच्छ आहेत त्यांना दोन वर्षांनी बोलावतात. फोटो काढणारे तंत्रज्ञ असतात, डॉक्टर लागत नाहीत, फोटो दुसरीकडे बसून वाचले जातात. २०१४ ला इथे आकडे आले की नोकरी-धंद्याच्या वयातल्या लोकांच्या अंधत्वाचं पहिलं कारण आता डायबेटिक रेटिनोपथी राहिलेलं नाही, पन्नास वर्षांत पहिल्यांदा. श्रेय एकट्या योजनेचं नसेल, शुगर-बीपीचे उपचारही सुधारले, पण पत्र दारात येतं यानं फार फरक पडतो असं मला बघून वाटतं. आपल्याकडे तालुक्याच्या दवाखान्यात शुगर तपासायला आलेल्याचा तिथल्या तिथे फोटो काढला तर किती जणांची फेरी वाचेल.

---

ऑप्टो_करवीर

शेवंतीताई, टाइप १ मध्ये पहिली पडद्याची तपासणी निदानापासून पाच वर्षांच्या आत आणि साधारण अकरा-बारा वर्षांचं वय झालं की सुरू करतात, त्याआधी काही सापडणं फार दुर्मिळ. तुमच्या डॉक्टरांना विचारून तारीख ठरवून ठेवा. मुलीला अचानक लांबचा फळा धूसर दिसायला लागला तर मात्र आधी शुगर बघा. शुगर वाढली की डोळ्यातलं भिंग फुगतं आणि नंबर तात्पुरता बदलतो, शुगर स्थिर झाली की काही आठवड्यांत परत येतो. अशा वेळी घाईने चष्मा करू नका. मोठ्या माणसांनाही हेच लागू.

---

घाटमाथा

माझ्या डॉक्टरांनी आठवड्यातून एकदा घ्यायचं सेमाग्लुटाइडचं इंजेक्शन सुचवलंय, सरासरी दहाच्या वर आहे. व्हॉट्सॲपवर आलं की त्याने डोळे जातात. हे खरं आहे का, घ्यावं की नाही?

---

जास्वंद

घ्यावं की नाही ते तुमचे डॉक्टर ठरवतील, मी त्या मेसेजमागचं सांगते. २०१६ च्या सस्टेन-६ अभ्यासात सेमाग्लुटाइड घेणाऱ्यांमध्ये रेटिनोपथीच्या गुंतागुंती ३ टक्के आणि न घेणाऱ्यांमध्ये १.८ टक्के दिसल्या. जास्त करून त्या ज्यांना आधीपासून रेटिनोपथी होती आणि शुगर झपाट्याने खाली आली त्यांच्यात. शुगर खूप वर्षं वर राहून एकदम उतरली की पडदा काही महिने थोडा बिघडू शकतो हे इन्सुलिनच्या बाबतीतही जुनं माहीत आहे, डीसीसीटीतही सुरुवातीला तसं दिसलं होतं आणि तरी शेवटी फायदा कडक गटाचाच झाला. म्हणून शुगर उतरवायचं टाळायचं नाही. सुरू करायच्या आधी पडदा तपासून घ्या, रिपोर्ट डायबेटिसच्या डॉक्टरांना दाखवा, आणि आधीच काही असेल तर पहिल्या वर्षात जरा लवकर-लवकर बघून घ्या.

---

गोदाकाठ

अजून एक. माझ्या बीपीच्या गोळ्या मी कधी घेतो कधी राहतात. डोळ्याशी बीपीचा संबंध कितपत? आणि ट्रायग्लिसराइडसाठी (रक्तातली चरबी) फेनोफायब्रेटची गोळी चालू आहे, कोणी म्हणालं ती डोळ्यालाही चांगली.

---

जास्वंद

बीपीचा संबंध फार जवळचा. भिंती आतून शुगरने कच्च्या केलेल्या, त्यावर दाब जास्त. ब्रिटनच्या यूकेपीडीएस अभ्यासात बीपी कडक ठेवलेल्या गटात रेटिनोपथी पुढे सरकणं ३४ टक्क्यांनी कमी झालं, नजर लक्षणीय कमी होणं ४७ टक्क्यांनी. एवढा फायदा देणारी कुठलीही कॅप्सूल माझ्या माहितीत नाही. त्या गोळ्या कृपया चुकवू नका हो.

फेनोफायब्रेटचं ऐकलंत ते बरोबर. फील्ड अभ्यासात ती घेणाऱ्यांना लेसरची गरज साधारण ३१ टक्क्यांनी कमी लागली, आणि २०२४ मध्ये स्कॉटलंडच्या लेन्स अभ्यासात सुरुवातीच्या रेटिनोपथीवाल्यांचा आजार पुढे जाणं २७ टक्क्यांनी कमी दिसलं. चरबी कमी होण्याशी याचा थेट संबंध लागत नाही, पडद्यातली सूज आणि ऑक्सिडेशन कमी करण्यातून होत असावं असं मानतात. पण क्रिएटिनिन वाढतं तिने, त्यामुळे किडनीवर नजर ठेवूनच आणि मनाने कोणी सुरू करू नका.

---

तिरफळ

ऑप्टोदादा, आईला आता मोतीबिंदूही सांगितलाय. शुगरने तो लवकर होतो का? एका ठिकाणी लगेच ऑपरेशन करा म्हणाले, पडद्याचे डॉक्टर थांबा म्हणतात.

---

ऑप्टो_करवीर

होतो, लवकर होतो, भिंगात सॉर्बिटॉल साचणं आणि हेच ऑक्सिडेशन दोन्ही तिथेही असतं. पण तुमच्या आईंच्या बाबतीत पडद्याच्या डॉक्टरांचं ऐका. मॅक्युलावर सूज असताना मोतीबिंदूचं ऑपरेशन केलं तर सूज वाढू शकते, म्हणून आधी इंजेक्शनांनी ती आटोक्यात आणतात, कधी ऑपरेशनच्या वेळीच इंजेक्शन देतात. उलट मोतीबिंदू इतका दाट असेल की त्यातून पडदाच दिसत नाही, तर तो आधी काढावा लागतो. दोन्ही डॉक्टरांना एकमेकांशी फोनवर बोलायला सांगा, आणि ओसीटीचे सगळे जुने कागद तारखेप्रमाणे लावून एका फाइलमध्ये न्या. ऑपरेशनच्या आधी आणि नंतर एकेक ओसीटी करून मागा.

गोदाकाठ काका, तुम्ही तपासणीला जाल तेव्हा गाडी स्वतः चालवू नका. थेंबांनंतर चार-सहा तास जवळचं धूसर दिसतं आणि उन्हात डोळे दिपतात, गॉगल घेऊन जा. आणि पडदा पाहिला का, त्याचा रिपोर्ट लेखी द्या, असं तिथे तोंडाने मागा.